मुखडा सुचतो, पुढं काय?

या खेपेच्या पत्रांचा रोख एकच आहे. कुणाला मुखडा (बंदिशीची, म्हणजे चिजेची, सुरुवातीची पुन्हा पुन्हा येणारी ओळ) सुचतो पण अंतरा (तिचा वरच्या सुरांत जाणारा दुसरा भाग) सुचत नाही. कुणाला एवढ्याशा ओळीवर अर्धा तास गाणारे लोक नेमकं काय करतात ते कळत नाही. एकांनी तर थेट पश्चिमेकडच्या बिथोव्हनलाच आपल्या सदरात आणून बसवलंय. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण त्यांनी प्रश्नाबरोबर स्वरलिपी आणि रेकॉर्डिंगही पाठवलं आहे. हातात काही असलं की बोलायला बरं पडतं.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी बँकेत नोकरीला आहे, विशारदपर्यंत गाणं शिकलो. येता-जाता छोटे छोटे मुखडे सुचतात, मोबाइलमध्ये भरून ठेवतो. पण एकाचीही बंदिश होत नाही. अंतरा जोडला की तो दुसऱ्याच चिजेतला वाटतो. बागेश्रीतला एक मुखडा पाठवतोय, मध्य लय तीनताल: ध़ नी़ सा म. याच्यात पुढं काय घालू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी एक सांगून टाकते. ‘ध़ नी़ सा म’ हे तुमचं नाही. बागेश्री गाणारा प्रत्येक जण ते घेतो, घ्यावंच लागतं, नाहीतर श्रोत्यांना राग ओळखू यायचा कसा? तुमचं जे आहे ते दुसरीकडं आहे. रेकॉर्डिंगमध्ये तुम्ही ‘सा’वर येऊन थांबता, चांगले ऐसपैस थांबता, आणि मग एकदम ‘म’ घेता. ती उडी रागानं सगळ्यांनाच दिली आहे. उडीआधीचं ताटकळणं मात्र तुम्ही घातलंय. बंदिश करायची ती त्या ताटकळण्याची.

म्हणून ‘पुढं काय घालू’ हा प्रश्नच बाजूला ठेवा. घालायचं काही नाही. तुम्ही पाठवलेला अंतरा (म ध नी सां, सां नी सां, रें सां नी ध) बागेश्रीतल्या कुठल्याही चिजेला लावा, चालून जाईल. सगळीकडं चालतो म्हणूनच तो इथला वाटत नाही.

आता कामाला लागू. खाली टिंब मंद्र (खालच्या) सप्तकाचं, वर टिंब तार (वरच्या) सप्तकाचं, ‘ऽ’ म्हणजे आधीचाच सूर आणखी एक मात्रा, ग आणि नी सगळीकडं कोमल.

पहिली दुरुस्ती समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची. तुमची सम ‘सा’वर पडते आणि ‘म’ चौथ्या मात्रेला कुठंतरी येतो. म्हणजे वाट बघून बघून गाडी आली ती फलाटाच्या पुढं जाऊन थांबली. मुखडा नवव्या मात्रेपासून उचला:

ध़ ऽ नी़ ऽ । सा ऽ ऽ ऽ । म

सोळा मात्रांतल्या शेवटच्या चार ‘सा’च्या आणि सम ‘म’ची. हे तबल्याबरोबर एकदा म्हणून बघा. नववीपासून ‘खाली’, म्हणजे तालाचा रिकामा भाग, ‘तिं तिं ता, ता’ चालू असतं तेव्हा डग्गा गप्प असतो आणि तुम्ही मंद्रातून वर येत असता. चौदाव्या मात्रेला ‘धिं’बरोबर डग्गा पुन्हा बोलायला लागतो, तेव्हा तुम्ही ‘सा’ धरून उभे. तबलजी समेकडं ढकलतोय आणि तुम्ही जागचे हलत नाही. मग ‘म’. सूर तुमचेच आहेत, मी फक्त सरकवले.

सम झाल्यावर पहिल्या आठ मात्रांत शांतपणे खाली या: म ऽ ग ऽ रे ऽ सा ऽ. इथं हुशारी दाखवायची नाही.

दुसरी ओळ. इथं बहुतेक जण लगेच वर पळतात आणि अंतऱ्यासाठी काही शिल्लक ठेवत नाहीत. तुम्ही धैवताच्या आसपास राहा, ताटकळणंही तिथंच न्या:

ग म ध ऽ । ऽ ऽ नी ध । म

सम पुन्हा ‘म’वरच. पहिल्या ओळीत तो खालून उडी मारून मिळाला होता, इथं वरून उतरून मिळतो. सूर एकच, पण दोन्ही वेळा वेगळा ऐकू येतो. त्यापुढच्या आठ मात्रा: म प ध ग, म ग रे सा. पंचम एवढाच, एकदा. त्याला बागेश्रीत फार वेळ बसवू नका.

अंतरा आता आपोआप सुचायला हवा. ताटकळणं एक पायरी वर, कोमल निषादावर:

ग म ध ऽ । नी ऽ ऽ ऽ । सां

आणि त्यानंतर:

ध ऽ नी ऽ । सां ऽ ऽ ऽ । मं

हा तुमचाच मुखडा आहे, जसाच्या तसा, एक सप्तक वर. फक्त त्याआधी कुठंही तार षड्ज ओलांडलेला नसला पाहिजे. स्थायीत (अंतऱ्याच्या आधीच्या भागात) हौसेनं एखादी ‘रें सां’ची जागा घेतलीत तर इथला तार मध्यम फिका पडेल. तिथून गं रें सां करत निवांत उतरा, पुढचं आवर्तन (तालाचा पुढचा फेरा) नी, ध, म यांच्यात घालवा आणि आठव्या मात्रेपर्यंत ‘सा’ गाठा. नवव्या मात्रेला तोच मुखडा मंद्रात घ्यायचा आहे, तेव्हा धापा टाकत येऊ नका. ऐकणाऱ्यानं तोच घाट वर आणि लगेच खाली असा दोनदा ऐकलेला असतो. तुम्ही जोडलेला पहिला अंतरा परका वाटत होता तो यामुळंच, त्यात मुखड्यातलं काहीच नव्हतं.

दोन किरकोळ गोष्टी. तुम्ही काळी दोनमध्ये (पेटीची ती पट्टी ‘सा’ धरून) गाता. तार मध्यम त्या पट्टीत चढेल, काळी एकवर या. दुसरं म्हणजे ‘सा’वर चार मात्रा थांबायचं तर तिथं आकार किंवा ओकार असलेलं अक्षर ठेवा. तुमच्या शब्दांत तिथं ‘री’ आलंय. ईकारावर एवढं थांबलात की गळा आवळल्यासारखा वाटतो, रेकॉर्डिंगमध्ये ते स्पष्ट ऐकू येतं.

मोबाइलमधल्या बाकीच्या साठ्याबद्दल: प्रत्येक मुखडा ऐकून ‘यात रागाचं काय आणि माझं काय’ एवढंच लिहून काढा. बऱ्याच मुखड्यांत दुसरा रकाना रिकामा राहील. ते पुसून टाका, जागा मोकळी होईल.

प्रश्न : मी गाणं शिकलेलो नाही, पण सवाई गंधर्व महोत्सवाला नेमानं जातो. बडा ख्याल चालू झाला की दोन ओळींच्या शब्दांवर अर्धा-पाऊण तास जातो. ही बढत म्हणजे नक्की काय? तीच ती ओळ पुन्हा पुन्हा ऐकून कंटाळा कसा येत नाही?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : कंटाळा येतो की. गाणारा नीट नसला तर फार येतो.

हिशोब करून बघा. एकताल बारा मात्रांचा. विलंबितात एक मात्रा चार सेकंदांची धरली तर एक आवर्तन अठ्ठेचाळीस सेकंदांचं. अर्ध्या तासात सदतीस-अडतीस आवर्तनं होतात, म्हणजे जवळपास तितक्या वेळा तुम्ही मुखडा ऐकता. गाणारा प्रत्येक वेळी त्याच दारातून आत येतो हे खरं, पण तो कुठून आला ते बघत चला. आधी मंद्रातून आला, मग ऋषभावर रेंगाळून आला, मग गंधारापर्यंत जाऊन, तो नुसता दाखवून परत आला. बढत म्हणजे राग असा हळूहळू उघडत नेणं; किराणा घराण्याची बढत अशी एकेक सूर उघडत जाते. पुढचा सूर येणार हे तुम्हाला कळतं आणि तो येत नाही. तार षड्ज लागल्यावर सभागृहात जी ‘वाहवा’ होते ती एका सुराला नसते, त्याच्या आधीच्या पंधरा मिनिटांना असते.

सगळे असंच करत नाहीत. जयपूर-अत्रौलीवाले सूर एकेक करून उघडण्यापेक्षा आवर्तन बांधण्याकडं जास्त लक्ष देतात. त्या घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या आश्रयानं कोल्हापुरात राहिले आणि आमच्या या भागाला ती गायकी ऐकायची सवय लागली. स्वरवाक्यात स्वरवाक्य गुंफत, दमसास राखत, ते आवर्तन भरत जातं आणि मुखडा त्यातूनच फुटतो, वेगळा चिकटवलेला वाटत नाही. आग्र्याचे लोक शब्दांना धरून खेळतात, लयीत बोल तोडतात, जोडतात. ग्वाल्हेरवाले बंदिश आधी स्थायी-अंतऱ्यासकट अख्खी मांडतात आणि तिच्या अंगानंच पुढं जातात. मला स्वतःला ते सगळ्यात सरळ वाटतं, पण मी पडले त्या तालमीतली, तेव्हा माझं मत जरा वजा करून घ्या.

आणि लांबी म्हणजेच बढत, असंही समजू नका. किराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८ आरपीएमच्या तबकडीची एक बाजू साधारण साडेतीन मिनिटांची. तेवढ्यात त्यांनी राग उघडून, फिरवून, मिटवून दाखवलाय. आम्ही मिरजकर दरवर्षी मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मृतीत रात्र रात्र गाणं ऐकतो, आणि घरी येऊन पुन्हा त्या साडेतीन मिनिटांकडंच वळतो. पुढच्या डिसेंबरमध्ये महोत्सवाला जाल तेव्हा एकच करा: शब्द सोडून द्या आणि समेच्या आधीच्या दोन-तीन मात्रांत गायक कुठल्या सुरावरून मुखड्यात शिरतो ते ऐका. तिथंच सगळा खेळ असतो.

प्रश्न : आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इंदूरकर. इथल्या बायका लग्नात, सणावाराला गाणी म्हणतात, त्यात चार-पाच सूर असतात फार तर. कुमारजींनी यांतून राग केले म्हणतात. चार सुरांचा राग कसा होईल?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : चार सुरांचा होत नाहीच. म्हणून तर त्यात काम आहे.

कुमार गंधर्व जन्मानं बेळगावकडचे (१९२४, सुळेभावी), गाणं शिकले मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडं, आणि १९४८ साली क्षयानं आजारी होऊन देवासला आले. पुढं काही वर्षं गाणं बंद. त्या काळात कानावर पडली ती तुमच्या माळव्यातली गाणी. ती त्यांनी गोळा केली, स्वरलिपीत उतरवली, आणि रागांचं मूळ अशा धुनांत आहे असं ठामपणे मांडलं. त्यांतून निघालेल्या रागांना ते धुनउगम राग म्हणत. मालवती, संजारी, लगनगंधार, सहेली तोडी अशी नावं तुम्ही ऐकली असतील. १९६५ साली आलेल्या ‘अनूपरागविलास’मध्ये या रागांतल्या त्यांच्या बंदिशी स्वरलिपीसह आहेत. इंदुरात तो मिळायला अडचण येऊ नये.

आता तुमचा मुद्दा. धुनेत सूर थोडे असतात, पण वागणं पक्कं असतं. कुठल्या सुरावर टेकायचं, कुठला नुसता शिवून सोडायचा, कुठून वर जायचं नाही, हे त्या बायकांना शिकवावं लागत नाही आणि त्या ते चुकतही नाहीत. धुन बहुतेक वेळा अर्ध्या सप्तकात फिरते. तिचा राग करायचा तर उरलेल्या अर्ध्यात ती कशी वागली असती ते ठरवावं लागतं. खाली जो सूर वगळला, त्याच्या जोडीचा वर वगळायचा का? खालची वक्र चाल वर तशीच न्यायची की सरळ करायची? दोन-चार सूर वाढवणं कुणालाही जमतं. वाढवलेले सूर मूळच्या धुनेला आपले वाटले पाहिजेत. मालवती ऐकताना मला तो सांधा कुठं आहे ते सापडत नाही, आणि मी शोधलाय.

एक मात्र सांगते. हल्ली जो तो लोकगीत उचलून ‘नवा राग’ म्हणून लावतो. सगळ्या धुना रागापर्यंत जाण्यासाठी नसतात. काही चार सुरांतच पूर्ण आहेत, त्यांना ओढू नये.

प्रश्न : माझी मुलगी व्हायोलिन शिकते, पाश्चात्त्य पद्धतीचं. तिचे सर म्हणतात, बिथोव्हनची पाचवी सिंफनी फक्त चार सुरांवर उभी आहे. मी आपला भजनातला माणूस. हे खरं का? आणि आपल्याकडं असं काही आहे का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : सर बरोबर सांगतात, निदान पहिल्या भागाबद्दल. आणि तुम्हाला पेटी येत असणार, तेव्हा सरगममध्येच बघू. पांढरी एक ‘सा’ धरा. सुरुवात अशी:

प प प ग (कोमल), ग लांबवलेला. मग म म म रे, रे लांबवलेला.

तीन आखूड, एक लांब. दुसऱ्यांदा तोच घाट एक सूर खाली. आणखी एक गंमत, पहिला ‘प’ ठोक्यावर नाही. ठोका रिकामा जातो आणि लगेच तीन सूर येतात. आपल्याकडं अतीत-अनागत (ठोक्याच्या मागून किंवा आधी येणं) म्हणतात त्या जातीची ही खोडी. पुढची सात-आठ मिनिटं तो हेच वाजवतो. कधी खालून, कधी वरून, कधी व्हायोलिनकडून चेलोकडं टाकत, कधी दोन वाक्यं एकमेकांवर चढवून. मध्ये हॉर्न एकटे पुढं येतात तेव्हाही सुरुवातीला तेच तीन आखूड सूर असतात, मगच स्वर लांबतात. आणि ते झाल्यावर जी गोड, नवी वाटणारी चाल येते, तिच्या खाली खर्जातली वाद्यं काय करतात ते मुलीला विचारा. तीन आखूड, एक लांब. त्याच घाटाची सावली तिसऱ्या भागातही हॉर्नवर ऐकू येते.

ही सिंफनी पहिल्यांदा व्हिएन्नात वाजली ती २२ डिसेंबर १८०८ ला. त्याच रात्री सहावी सिंफनी, चौथा पियानो कॉन्चेर्तो आणि आणखी बरंच काही होतं. कार्यक्रम चार तास चालला आणि नाट्यगृहात कडाक्याची थंडी होती. वादकांची तालीमही पुरेशी झालेली नव्हती. त्या श्रोत्यांना चार सूर मोजायची शुद्ध राहिली असेल असं वाटत नाही! बिथोव्हन मात्र या कल्पना चार वर्षं आधीपासून वहीत खरडत होता. त्याच्या वह्या उरल्या आहेत, त्यांत खाडाखोड भरपूर.

आपल्याकडं आहे का? आहे, पण उलट बाजूनं. तो लयीचा घाट पक्का धरतो आणि सूर बदलत जातो. त्याला सूर कुठलेही चालतात, ‘टटट टाऽ’ सुटता कामा नये. आम्ही रागातलं चलन (सुरांची ठरलेली चाल) पक्कं धरतो आणि लय मोकळी सोडतो. ‘ध़ नी़ सा म’ मी संथ घेईन, द्रुतात घेईन, तानेत फिरवीन, पण ‘ध़’च्या जागी दुसरा सूर घालणार नाही. शिवाय त्याचं सगळं कागदावर आहे. आमची बढत बैठकीत होते आणि दुसऱ्या दिवशी ती तशीच होत नाही. आपल्यातलं त्याच्या सगळ्यात जवळचं म्हणजे तबल्याचा कायदा. एक छोटी बोलरचना, मग पलटे (तिचेच उलटसुलट फेरफार), आणि पलट्यांत मूळच्या बोलांबाहेरचं अक्षर घ्यायचं नाही. फोंड्यात तबलजींना तोटा नाही. एखाद्याकडून ‘धा धा तिट धा धा तू ना’चे पलटे मुलीला ऐकवा, तिच्या सरांनाही आवडेल. तुमच्या गोव्याच्याच व्हायोलिनवाल्यांनी आणि अरेंजरांनी मुंबईच्या सिनेसंगीतात मुखड्यातला एखादा तुकडा उचलून पुढचं-मागचं संगीत उभं केलं, ते वेगळं पत्र लिहिलंत तर त्यावर बोलू.

प्रश्न : मी अकरावीत आहे. पहिल्यांदाच चीज बांधायला घेतली आहे, राग दुर्गा. आधी शब्द लिहू की आधी चाल? आणि अंतरा असायलाच हवा का?
– एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : अंतरा लिहून ठेव, गायलाच पाहिजे असं नाही. उस्ताद अमीर खाँ विलंबितात पुष्कळदा अंतरा गातच नसत. पण तू अमीर खाँ नाहीस, अजून. तेव्हा बांध.

शब्द की चाल यावर मोठी माणसं भांडत बसतात, त्यात तू पडू नकोस. पहिली चीज तराण्याच्या बोलांवर कर: ना, दिर, तोम, तन, देरे ना. अर्थाची जबाबदारी नाही, ब्रजभाषेतलं व्याकरण चुकायची भीती नाही, आणि चाल कुठं कच्ची आहे ते लगेच उघडं पडतं. लय वाढव आणि ‘दिर दिर’वर जीभ कुठं अडखळते ते बघ. तिथं बहुधा एक मात्रा जास्त कोंबलेली असते. ती काढ. चाल बसली की मग शब्द.

आणि पट्टी लिहीत जा. तुझ्या अंतऱ्यात तार पंचम आहे. तो तुला झेपतो की नाही हे पट्टी कळल्याशिवाय मी कसं सांगू?